चक्रवाढ व्याजाचे सूर
(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)

ज्या माध्यमातून मी आज आपल्याशी बोलतो आहे, त्याच माध्यमात एके काळी एका वाद्याला प्रवेश नव्हता. ते वाद्य म्हणजे आपली पेटी, हार्मोनियम. १ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओच्या स्टुडिओत पेटी वाजवायला मनाई झाली, ती १९७१ पर्यंत टिकली. गावोगावच्या देवळांत भजनाला पेटी, कीर्तनाला पेटी, नाटकाला पेटी आणि रेडिओवर मात्र नाही. पेटीवर दोन आरोप होते. एक म्हणजे तिच्यातून मींड काढता येत नाही. तो कुणालाही समजण्यासारखा आहे. दुसरा आरोप असा, की तिचे सूर मुळातच बेसूर असतात. हा आरोप गणिताचा आहे, आणि मी आयुष्यभर शाळेत गणित शिकवले असल्यामुळे आज त्याच्याविषयी बोलणार आहे. जमल्यास कागद-पेन्सिल जवळ घ्या. नसली तरी चालेल, आकडे सोपे आहेत.

आपल्याकडच्या संगीताच्या क्रमिक पुस्तकांत मध्य सप्तकातल्या षड्जाची आंदोलने २४० धरण्याची पद्धत आहे. म्हणजे तार एका सेकंदात २४० वेळा हलते. तार षड्ज त्याच्या दुप्पट, ४८०. मंद्र षड्ज निम्मा, १२०. शुद्ध रिषभ २७०. आता गंमत बघा. मध्य सप्तकात सा ते रे हे अंतर ३० आंदोलनांचे झाले. तार सप्तकात तेच अंतर ४८० पासून ५४० पर्यंत, म्हणजे ६० चे होते, आणि मंद्रात फक्त १५ चे. आकडे तीन ठिकाणी तीन, पण कानाला विचाराल तर तो म्हणेल, तिन्ही ठिकाणी सा-रे तेवढेच. कान वजाबाकी करत नाही, भागाकार करतो. २७० भागिले २४० आणि ५४० भागिले ४८० यांचे उत्तर एकच येते, तेवढेच त्याला कळते.

सप्तकात बारा सूर आहेत. सा पासून तार सा पर्यंत जाताना बारा सारख्या पायऱ्या करायच्या असतील तर कशा कराव्यात? वर्गात हा प्रश्न विचारला की पहिला हात वर करणारा मुलगा सांगायचा, २४० चे १२ भाग करा, दर पायरीला २० मिळवा. मी म्हणायचो, करून बघ. २६०, २८०, ३०० असे करत सातव्या पायरीवर, म्हणजे पंचमाच्या जागी, ३८० येतात. खरा पंचम आहे ३६० चा. ३८० म्हणजे जवळजवळ कोमल धैवत! पंचमाच्या जागी कोमल धैवत लागणारी पेटी कुणी विकत घेणार नाही.

हे झाले सरळव्याज. सुरांचा हिशोब चक्रवाढीचा आहे. सावकाराकडे रक्कम ठेवली आणि बारा हप्त्यांत दामदुप्पट व्हायला हवी असेल, तर दर हप्त्याला व्याजाचा दर किती? उत्तर आहे शेकडा ५.९४६. प्रत्येक सुराला १.०५९४६ ने गुणत जायचे, की बाराव्या पायरीला बरोबर दुप्पट. या संख्येला २ चे बारावे मूळ म्हणतात. आज पेटी, पियानो, गिटार, कीबोर्ड ही सगळी दुनिया या एका संख्येवर चालते. गिटारचे पडदे वर सरकताना जवळजवळ का येत जातात, त्याचेही कारण हेच. ९० सेंटिमीटर लांबीची तार घेतली, तर पहिला पडदा ५ सेंटिमीटरवर बसतो, आणि सप्तकाची शेवटची पायरी पावणेतीन सेंटिमीटरांचीही नसते.

आता कुणी म्हणेल, एवढे सोपे असेल तर भांडण कशाचे? भांडण पंचमाचे आणि गंधाराचे आहे.

निसर्गाने दिलेले सूर सोप्या अपूर्णांकांचे असतात. पंचम षड्जाच्या दीडपट, मध्यम चार-तृतीयांश, गंधार सव्वापट. म्हणजे २४० च्या षड्जाला पंचम ३६०, मध्यम ३२०, गंधार ३००. षड्ज-पंचम जुळला की तंबोरा कसा भरून बोलू लागतो, ते आपण जाणताच. फार पूर्वी ग्रीक लोकांना वाटले आणि चिनी लोकांनाही वाटले, की या दीडपटीच्या जोरावर सगळे सूर मिळवता येतील. सा चा पंचम प, प चा पंचम रे, रे चा पंचम ध, असे बारा वेळा गेले की वर्तुळ पुरे होऊन पुन्हा सा यावा. येत नाही. बारा वेळा दीडपट केली तर १२९.७४६ पट होते, आणि सात सप्तके वर गेल्यास १२८ पट. सप्तकात परत आणल्यावर २४० च्या जागी २४३.२७ चा सा हाती येतो. थोडक्यासाठी चुकते आणि कितीही पुढे गेलात तरी चुकतच राहते. याचे कारण पाचवीतल्या मुलालाही पटेल. ३ ला ३ ने कितीही वेळा गुणा, संख्या विषमच येणार. २ ला २ ने गुणा, समच येणार. विषम आणि सम कधी बरोबर होत नाहीत. या उरलेल्या फटीला पायथागोरसचा कॉमा म्हणतात.

ही फट बुजवायची कशी, या एका प्रश्नावर माणसांनी दोन हजार वर्षे घालवली आहेत. पाचव्या शतकात हो छंग-थ्येन नावाच्या चिनी विद्वानाने ती फट बारा सुरांत वाटून टाकली. पण त्याने बेरजेने वाटली. आमच्या वर्गातल्या पहिल्या हाताचीच ती चूक, फक्त लहान प्रमाणात. तरीही कल्पना हुशारीची होती.

पुरता हिशोब ज्याने केला तो माणूस राजपुत्र होता. चू त्साय-यू, मिंग घराण्याच्या एका शाखेतला, जन्म १५३६. त्याच्या वडिलांनी बादशहाला चार खडे बोल सुनावणारा अर्ज लिहिला. पुढे भाऊबंदकीतून त्यांच्यावर राजद्रोहाचे आरोप झाले, पदवी गेली आणि ते बंदिवासात पडले. तेव्हा मुलगा पंधराच्या आतबाहेरचा. त्याने वाड्याच्या दाराबाहेर मातीची खोली बांधली आणि गवताच्या चटईवर एकटा राहू लागला. वडिलांवरचा अन्याय दूर होईपर्यंत वाड्यात पाऊल टाकले नाही. अशी १९ वर्षे गेली. १५६७ मध्ये वडील सुटले तेव्हा तो राजवाड्यात परतला. त्या मातीच्या खोलीत त्याने काय केले, तर गणित, पंचांग आणि संगीत यांचा अभ्यास.

१५८४ च्या ग्रंथात त्याने समान पायऱ्यांचे गणित मांडले. त्या काळी लॉगॅरिदम नव्हते. नेपियरची कोष्टके १६१४ मध्ये आली. बारावे मूळ थेट काढणे अवघड. राजपुत्राने ते तीन टप्प्यांत काढले. आधी २ चे वर्गमूळ, १.४१४२. ही सहावी पायरी, आपल्या भाषेत तीव्र मध्यम. त्याचे पुन्हा वर्गमूळ, १.१८९२. ही तिसरी, कोमल गंधार. आणि त्याचे घनमूळ काढले की पहिली पायरी, कोमल रिषभ, १.०५९४६. हे सगळे त्याने मण्यांच्या अबॅकसवर केले, आणि कितपत अचूक म्हणाल तर पंचवीस आकड्यांपर्यंत! एवढ्या अचूकतेचा कानाला काडीचा उपयोग नाही, पंचविसातले पाच आकडे पुरे होतात. पण हिशोबात एकदा शिरले की पुढचा आकडा काढल्याशिवाय राहवत नाही, हा आजार मला परिचयाचा आहे.

तो नुसत्या आकड्यांवर थांबला नाही. फुंकायच्या नळ्यांची लांबी या हिशोबाने कमी केली तरी सूर नेमका लागत नाही, नळीचा व्यासही त्या बेताने कमी करावा लागतो, हे त्याने ओळखले होते. वडील वारल्यावर गादी त्याच्याकडे चालत आली होती. ती त्याने पुन्हा पुन्हा अर्ज करून नाकारली. १६०६ मध्ये सगळे ग्रंथ बादशहाला सादर केले. दरबाराने ते ठेवून घेतले, आणि जुन्याच नळ्या वाजत राहिल्या.

त्याच सुमारास युरोपात काय चालले होते? १५८१ मध्ये फ्लॉरेन्सच्या विन्चेन्झो गॅलिली या वादकाने ल्यूट या तंतुवाद्याचे पडदे बांधायची एक सोपी रीत छापली. उरलेल्या तारेचा अठरावा भाग सोडा आणि पडदा बांधा, पुन्हा उरलेल्याचा अठरावा भाग सोडा, पुन्हा बांधा. ही चक्रवाढच, उतरत्या दिशेची. आमच्या ९० सेंटिमीटरच्या तारेवर बारावा पडदा अशा रीतीने जेमतेम तीन मिलिमीटर चुकतो. कारागिराला आणखी काय हवे? हा विन्चेन्झो म्हणजे गॅलिलिओचा बाप. मुलाने पुढे आकाश मोजले, पण मोजून बघायची खोड घरातलीच असावी.

नेदरलँड्समध्ये सायमन स्टेव्हिन होता. दशांश अपूर्णांक युरोपात रुजवणारा हा माणूस. त्यानेही २ चे बारावे मूळ धरून बारा सूर मोजले. मला त्याचा हेका फार आवडतो. सगळे म्हणत होते, दीडपट हा खरा पंचम आणि बारा समान पायऱ्यांतला पंचम ही तडजोड. स्टेव्हिन म्हणाला, उलट आहे. समान पायऱ्यांचा पंचम हाच खरा, दीडपट हा त्याच्या जवळ जाणारा सोपा आकडा, इतकेच! त्याचे हे हस्तलिखित त्याच्या हयातीत छापलेच गेले नाही, छापायला १८८४ साल उजाडले.

बाखने १७२२ मध्ये सगळ्या पट्ट्यांतून वाजवायच्या रचनांचा संग्रह केला, त्यावरून हे समान पायऱ्यांचे स्केल बाखने रूढ केले, असे पुष्कळांना वाटते. तसे ठामपणे म्हणता येत नाही. त्या काळी ट्यूनिंगच्या अनेक रीती होत्या. प्रत्येक रीतीत काही पट्ट्या गोड लागत आणि काही कडू. कडूपणा सर्वांना सारखा वाटून देणारी रीत जिंकली ती एकोणिसाव्या शतकात, पियानोचे कारखाने उभे राहिल्यावर. कारखान्याला एकच रीत सोयीची असते.

आणि त्याच शतकात, १८४२ मध्ये, पॅरिसच्या अलेक्झांद्र दबँ याने हार्मोनियमचे पेटंट घेतले. ती पायाने भाता मारायची पेटी होती. मिशनऱ्यांबरोबर ती इकडे आली. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी तिला मांडीपुढे घेऊन एका हाताने भाता मारता येईल असे रूप दिले. महाराष्ट्रात ती संगीत नाटकांतून अशी काही मुरली, की गोविंदराव टेंब्यांसारख्या मोठ्या संगीतकाराची पहिली ओळख पेटीवाला अशीच झाली.

आपण गवयाला विचारतो, तुमची पट्टी कोणती? तो सांगतो, काळी एक, पांढरी चार, काळी पाच. जगात दुसरीकडे सुरांना असे रंग आणि नंबर देऊन बोलत असतील असे मला वाटत नाही. या बोलीत २ चे बारावे मूळ लपलेले आहे. कुठलीही पट्टी सा धरली तरी पुढचे अकरा सूर त्याच अंतरांवर मिळतात, ते सगळ्या पायऱ्या सारख्या आहेत म्हणूनच. नाटकात एकापाठोपाठ एक वेगवेगळ्या आवाजांचे नट येणार आणि पेटी एकच. तिथे ही सोय नसती तर पडदा उघडलाच नसता.

या सोयीची किंमत किती, तेही मोजू. समान पायऱ्यांच्या पेटीत पंचम ३६० ऐवजी ३५९.५९ येतो. फरक अर्ध्या आंदोलनाचाही नाही. त्याच्याबद्दल कुणी तक्रार करू नये. मध्यम ३२० ऐवजी ३२०.३६. तोही ठीक. पण गंधार ३०० ऐवजी ३०२.३८. इथे दुखते. घरी तंबोरा असेल तर खर्जाची तार छेडा आणि शांत बसून ऐका. न छेडलेला गंधार त्यातून आपोआप येतो. गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. १२० च्या तारेचा पाचवा अंश म्हणजे ६००, शुद्ध तार गंधार. त्याच वेळी पेटीवर तार गंधाराची पट्टी दाबली तर ६०४.७६ चा सूर येतो. दोन्ही मिळून सेकंदाला जवळजवळ पाच हेलकावे ऐकू येतात. ज्याला एकदा ते ऐकू आले, त्याला पुढे ऐकू न येण्याची सोय नाही. निषादाचेही असेच, ४५० ऐवजी ४५३.

मग पेटी शुद्ध सुरांत का लावू नये? हाच प्रश्न सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांना पडला. निवृत्त डेप्युटी कलेक्टर, आणि सुरांचे वेड. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्यातले सूर त्यांनी उपकरणांनी मोजले आणि १९१० मध्ये बावीस श्रुतींवरचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. आय.सी.एस. अधिकारी क्लेमंट्स त्यांना येऊन मिळाले. दोघांच्या खटपटीने विलायतेत खास श्रुतिपेटी तयार करवली गेली. १९१६ मध्ये बडोद्याला अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तिथे या पेटीवरून कडाक्याचा वाद झाला. पंडित भातखंड्यांना श्रुती अशा आकड्यांत कायमच्या जखडणे मान्य नव्हते. मला दोन्ही बाजू पटतात, आणि गणिताच्या मास्तराला हे शोभत नाही हेही कळते.

देवलांच्या वाटेत एक जुनाच काटा होता. धैवत बघा. गंधाराशी त्याचा संवाद जुळवायचा, तर ३०० च्या चार-तृतीयांश म्हणजे ४०० चा धैवत हवा. रिषभाशी जुळवायचा, तर २७० च्या दीडपट म्हणजे ४०५ चा हवा. एका पट्टीत एकच धैवत बसतो. त्याने कुणाला खूश करायचे? समान पायऱ्यांची पेटी इथे ४०३.६३ वर बसते, दोघांनाही थोडे नाराज ठेवून. गळ्याला आणि सारंगीला ही अडचण नाही. राग बदलला की धैवत बदलतो, गाणाऱ्याला आकडा ठाऊकही नसतो.

त्याआधीच, १८८५ मध्ये, लंडनच्या अलेक्झांडर एलिस यांनी सुरांचे अंतर मोजायला सेंट हे माप दिले होते. सप्तकाचे १२०० सेंट, एका पायरीचे १००. लॉगॅरिदम वापरल्याने गुणाकाराची बेरीज झाली, आणि सुरांची अंतरे फूटपट्टीने मोजल्यासारखी मोजता येऊ लागली. एलिस यांनी देशोदेशीची वाद्ये तपासली. लंडनमध्ये असलेल्या राजा रामपाल सिंह यांनी लावून दाखवलेले सूरही त्यांत होते. निष्कर्ष असा, की निसर्गाने नेमून दिलेले एकच एक सप्तक जगात कुठे नाही. त्यांच्या मापाने पेटीचा गंधार १४ सेंटने चढा आहे आणि पंचम २ सेंटने उतरलेला.

रेडिओवरच्या बंदीकडे आता पुन्हा येतो. दिल्ली रेडिओवर पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख असलेले इंग्रज संगीतकार जॉन फोल्ड्स यांनी १९३८ मध्ये पेटीविरुद्ध लिहिले होते. रवींद्रनाथांनी जानेवारी १९४० मध्ये कलकत्ता केंद्राला तसेच कळवले. मार्चमध्ये बंदी आली, तेव्हा रेडिओचे सर्वाधिकारी लायनेल फील्डन होते. स्वातंत्र्यानंतरही ती राहिली. १९५२ ते १९६२ नभोवाणीमंत्री असलेले बाळकृष्ण केसकर मराठी होते, पण पेटीला त्याचा लाभ झाला नाही. १९७१ मध्ये दार उघडले तेही साथीपुरते, किलकिले.

माझे मत विचाराल तर, पेटीवरचा गणिती आरोप खरा होता आणि शिक्षा जास्त झाली. १४ सेंट हा काही लहान फरक नाही. पण तो घालवायचे उपाय पेटीवाल्यांच्या हातात होते आणि ते त्यांनी केलेही. बंदीने सारंगियांना केंद्रांवर काम मिळाले, ही जमेची बाजू मी नाकारत नाही. मात्र तीस-एकतीस वर्षे ज्यांना रेडिओवर वाजवता आले नाही, त्यांचा हिशोब कुठल्या वहीत मांडायचा?

उपाय म्हणालो तो गंधार ट्यूनिंगचा. पेटीतला सूर म्हणजे पितळेची पातळ जीभ. टोकाकडे घासली की सूर चढतो, बुडाकडे घासली की उतरतो. गवयाची पट्टी ठरवून, तंबोऱ्याशी मिळवत एकेक जीभ घासत जायचे, हेलकावे थांबेपर्यंत. अलीकडे डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी तयार केली आहे. तीत खुंटी ओढून पट्टीचा सूर बदलता येतो. देवलांना ती बघायला मिळायला हवी होती.

निवृत्तीनंतर मीही माझी पेटी एका कारागिराकडे गंधार ट्यूनिंगला नेली. त्याने कागद घेतला नाही, आकडा विचारला नाही. सूर उचकटला, कानस फिरवली, फुंकून पाहिला, तंबोऱ्याच्या डब्याला कान दिला, पुन्हा कानस. गंधाराला पाऊण तास लागला. सुरुवातीला त्याने एकच विचारले होते, "मास्तर, गाणार कुठल्या पट्टीत?" मी म्हणालो, काळी दोन. "मग दुसऱ्या पट्टीत कुणाला बसू देऊ नका," तो म्हणाला, "सगळं कडू लागेल."

काळी दोनमध्ये आता आमची पेटी तंबोऱ्यात विरघळते. आमच्या सौभाग्यवतींचे भजनी मंडळ काळी पाचमध्ये गाते. दर गुरुवारी त्या शेजारच्यांची पेटी मागून आणतात.